थंड इंजिन आणि दीड मिनिटात पाच हजार आरपीएम: काय करावं?

चढावरचा

नमस्कार मंडळी. विषय चघळून चोथा झालेला आहे, पण माझी अडचण जरा वेगळी आहे म्हणून नवीन धागा काढतोय.

गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. सहा वर्षं झाली, ७१ हजार किलोमीटर. घरातून निघालो की दोन वळणं, एक गतिरोधक आणि मग थेट हायवेला जाऊन मिळणारा चढ. वरून गाड्या सुसाट येत असतात, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये पाच-साडेपाच हजारांपर्यंत ओढल्याशिवाय आत घुसताच येत नाही. घड्याळ लावून पाहिलं. सेल्फ मारल्यापासून तिथवर दीड मिनिट. म्हणजे रात्रभर गार पडलेलं इंजिन रोज सकाळी दीड मिनिटात बोंबलायला लागतं.

वडील म्हणतात, दहा मिनिटं उभी ठेवून तापव, मग काढ. त्यांची पहिली गाडी चोक ओढून चालू व्हायची. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, चालू करा आणि लगेच निघा. माझा सर्व्हिसिंगवाला म्हणतो, "साहेब, काही होत नाही." हेच तो मागे ब्रेकपॅडबद्दल म्हणाला होता, नंतर डिस्कही बदलावी लागली.

त्यात गेले दोन महिने सकाळी चालू केल्यावर टक-टक-टक असा आवाज येतोय. रेस दिली की वाढतो, तीन-चार मिनिटांत गायब. हे माझ्याच पायाचं पाप आहे का?

बिनधास्त

आजकालच्या इंजिनांना काही होत नाही हो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं बघतो. मी नऊ वर्षं थंड इंजिन पिळतोय, एक लाख चाळीस हजार झाले, गाडी ठणठणीत. ऑइल वेळेवर बदला आणि निर्धास्त राहा.

काळेहात

बिनधास्तराव, ईसीयू पेट्रोल किती टाकायचं ते बघतो, ठिणगी कधी टाकायची ते बघतो. पिस्टन फुगणार तो फुगणारच, त्याला ईसीयू काय करणार? तुमची गाडी टिकली, आनंद आहे. माझ्या टेबलावर ज्या येतात त्या टिकलेल्या नसतात, त्यामुळे माझी नजर तशी आहे हे आधीच कबूल करतो.

चढावरचे, पहिल्यांदा हे घ्या: डॅशबोर्डवर जो काटा बघून तुम्ही "तापलं" म्हणता तो पाण्याचा काटा आहे. ऑइलचा नाही. पाणी लवकर तापतं, कारण रेडिएटरकडची वाट अडवणारा थर्मोस्टॅट बंद असतो आणि ब्लॉकमधलं थोडंसं पाणीच गोल गोल फिरत राहतं. ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, पडलेलं असतं, सम्पला बाहेरून वारा लागतो. काटा मध्यावर येतो तेव्हा ऑइल निम्म्या वाटेवरही नसतं. शिवाय तो काटाही तसा लबाडच. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर चिकटवून ठेवलेला असतो, पाणी पंच्याहत्तर असो की शंभर, काटा तिथेच. नाहीतर लोक प्रत्येक चढावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडतील.

आता पिस्टन. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो ज्यात वर-खाली होतो तो लायनर बहुतेक वेळा बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणून पिस्टन मुळात गोल नसतोच. मायक्रोमीटर लावून बघा, किंचित लंबगोल असतो आणि डोक्याकडे बारीक होत जातो. पूर्ण तापल्यावर तो नीट बसावा असा घासलेला असतो. गार असताना सैल, म्हणून काही इंजिनं सकाळी थोडी खडखडतात. ते वाईट नाही. वाईट कधी? गार इंजिनाला एकदम पूर्ण दाबलं की पिस्टनचं डोकं काही सेकंदांत तापतं, पण लायनर अजून गारच. आतला फुगला, बाहेरचा नाही. मधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची, ती आणखी आवळते. त्यात भिंतीवर ऑइलचा थरही धड नाही, कारण थंडपणी पेट्रोल जास्त सोडलेलं असतं आणि त्यातलं थोडं भिंतीवरून ऑइल धुऊन खाली नेतं.

मागे एक इंजिन खोललं होतं. मालक घरातून निघून सरळ वेगाच्या रस्त्याला लागणारा, तुमच्यासारखाच. तिसऱ्या पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, हातात घेतला तर बोटाला उभ्या रेघा लागल्या, मांजरानं ओरखडल्यासारख्या. लायनरवर होनिंगची आडवी-तिरपी जाळी असते ना, ऑइल धरून ठेवणारी, ती एका बाजूला पुसून आरसा झाला होता. गाडी बंद पडलेली नव्हती. फक्त ऑइल प्यायची, हजार किलोमीटरला अर्धा लिटर. थंड इंजिन दाबण्याचं नुकसान हे असं असतं. धाडकन काही मोडत नाही, त्यामुळे "काही होत नाही" म्हणणारा वर्षानुवर्षं बरोबरच ठरतो.

पण वडिलांचंही ऐकू नका. उभी ठेवून तापवणं म्हणजे मंद आचेवर रांजण तापवणं. आयडलिंगला इंजिन जेमतेम पेट्रोल जाळतं, उष्णता कुठून येणार? आणि तितका वेळ ते थंडपणीच्या जादा पेट्रोलवर चालतं. चोकच्या काळात वडील बरोबर होते, कारण गार कार्बोरेटरची गाडी लगेच काढली तर पहिल्या वळणावर आचके देऊन बंद पडायची. शिवाय उभ्या गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल आणि चाकांची बेअरिंगं तापतच नाहीत.

तेव्हा सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो तो विझू द्या. पट्टा लावा, आरसा नीट करा. चढं आयडलिंग बाराशे-तेराशेवरून जरा खाली बसलं की निघा. मग दहा-बारा मिनिटं हलका पाय. रेस देऊन उभ्या-उभ्या तापवायचा उद्योग तर अजिबात नको. तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

राहिला तुमचा चढ. आत घुसताना मागून गाडी येत असेल तर इंजिनाची दया करू नका, दाबा. इंजिन पुन्हा बांधता येतं. पण दुसरी वाट नाही का? लांबची असली तरी चालेल.

आणि त्या टकटकीबद्दल एक सांगा: आवाज जागेवर रेस दिल्यावर वाढतो की चढावर जोर लागल्यावर?

डिझेलभाऊ

माझी डिझेल टर्बो आहे, तिलाही हेच लागू का?

काळेहात

जास्तच. डिझेल आयडलिंगला इतकं कमी जाळतं की उभं ठेवून तापवायचं म्हटलं तर तुम्ही म्हातारे व्हाल. आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. थंड ऑइलवर त्याला पळवू नका आणि जोरात चालवून आल्यावर लगेच किल्लीही काढू नका, मिनिटभर आयडलिंगला ठेवा. नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

श्यानता

काळेहात दादांच्या धातूच्या भागात माझी काही ढवळाढवळ नाही. मी ऑइल तपासण्याच्या कामात आहे, म्हणून फक्त ऑइलपुरतं.

५डब्ल्यू-३० चा डबा हातात घेतला की लोकांना वाटतं, थंडीत हे पातळ आणि गरम झाल्यावर दाट. उलटं आहे. कुठलंही ऑइल थंडपणी दाटच. '५डब्ल्यू' म्हणजे उणे ३० अंशांनाही इंजिन फिरवता येईल इतपतच दाट राहील याची परीक्षा, आणि '३०' हा आकडा १०० अंशांच्या मोजमापावरून येतो. ठरावीक ५डब्ल्यू-३० चं गणित बघा: १०० अंशांना दहा-अकरा सेंटिस्टोक (हे दाटपणाचं माप), ४० ला साठच्या आसपास, आणि २० अंशांना, म्हणजे सकाळी उभ्या गाडीत, सव्वाशे ते दीडशे. दहापटीहून जास्त दाट. डबा तोच, ऑइल तेच.

आता ज्यांच्या गाडीत ऑइलच्या दाबाचा काटा आहे ते सकाळी तो वर चढलेला बघून खूश होतात. दाब जास्त म्हणजे ऑइल जास्त पोचतंय असं नाही. दाट ऑइल पुढे सरकत नाही म्हणून दाब चढतो, मग पंपाची रिलीफ व्हॉल्व्ह उघडते आणि बरंचसं ऑइल मागच्या मागेच परत जातं. तुम्ही आरपीएम वाढवता, पंप जास्त ढकलतो, व्हॉल्व्ह जास्त उघडते. टोकाच्या बेअरिंगच्या वाट्याला त्या मानाने वाढ येतच नाही. त्याहून वाईट म्हणजे फिल्टरमधून इतकं दाट ऑइल जायला नकार देतं, मग फिल्टरची बायपास उघडते आणि न गाळलेलं ऑइल थेट आत. थंडपणी जोरात रेस करणं म्हणजे फिल्टर काढून गाडी चालवण्याचा सराव.

एका गोष्टीवर मात्र दादांना टोकते. "हलका पाय" वाचून लोक पाचव्या गिअरमध्ये चौदाशे आरपीएमवर चढ चढायला लागतात आणि समजतात इंजिनाची काळजी घेतली. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर दांड्याच्या फिरण्यानंच तयार होतो. फेरे कमी आणि जोर जास्त, म्हणजे थर पातळ आणि त्यावर हातोडा. धडधडत ओढण्यापेक्षा एक गिअर खाली आणून दोन-अडीच हजारांवर ठेवा, पाय अर्ध्यापेक्षा कमी. हलका पाय म्हणजे कमी आरपीएम नव्हे.

काळेहात

ताई, टोकलंत ते बरं झालं. मला ते इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचंच राहिलं.

शटर_अर्धं

विषयाला सोडून आहे, तरी लिहितो. ज्यांचे वडील बंद गॅरेजमध्ये दहा मिनिटं गाडी चालू ठेवतात त्यांनी आधी दार पूर्ण उघडा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे सर्वांत विषारी धूर नेमका त्याच मिनिटांत. अर्धं शटर उघडून भागत नाही. मला एकदा गरगरलं होतं, तेवढ्यावर निभावलं.

चढावरचा

सगळ्यांचे आभार. मी जरा वेडेपणा केलाय.

माझ्या मल्टीमीटरबरोबर तापमान मोजायची एक बारीक वायर आली होती, आजवर पाकिटातच पडून. ती डिपस्टिकला लावून नेमकी लांबी मोजली, तेवढ्यावर चिकटपट्टीची खूण केली आणि डिपस्टिक काढून तिच्या नळीतून वायर सम्पमध्ये सोडली. पहिल्या दिवशी नळीचं तोंड उघडंच राहिलं तर आयडलिंग हेलकावे खायला लागलं, बहुतेक तिथून हवा आत जात होती. दुसऱ्या दिवशी तोंड पट्टीनं गच्च बंद केलं. पाण्याचं तापमान मोबाइलवर, गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावलेल्या डोंगलमधून. बायको शेजारी वही घेऊन. तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

सुरुवातीला दोन्ही २४. हलक्या पायानं तिसऱ्या मिनिटाला पाणी ५२, ऑइल ३३. काटा मध्यावर आला तेव्हा साडेपाच मिनिटं झाली होती: पाणी ७६, ऑइल ४८! सातव्या मिनिटाला पाणी ८८, ऑइल ५८. ऑइल ८० ला पोचायला चौदा मिनिटं लागली. काटा मात्र त्यातली साडेआठ मिनिटं मध्यावर बसून "सगळं आलबेल" म्हणत होता.

मग वडिलांची पद्धत. दहा मिनिटं उभी: पाणी ६६, ऑइल ४१. वडिलांना वही दाखवली. ते म्हणाले, तुझी वायर बरोबर आहे कशावरून?

आणि माझी नेहमीची पद्धत, दीड मिनिटात चढ: साडेपाच हजारांना ऑइल २८. हा आकडा लिहिताना लाज वाटली.

काळेहात दादा, आवाजाचं विचारलंत. आज नीट ऐकलं. जागेवर रेस दिली की थोडा वाढतो. चढावर जोर लागला की जास्त, अगदी खिडकीतून ऐकू येईल इतका.

काळेहात

वायरवाले, शाब्बास. एवढंच, वायर खुणेपेक्षा खाली ढकलू नका. वर क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, फिरतोय, त्यात वेटोळं गेलं तर मलाच इंजिन खोलायला लागेल.

आवाजावरून मला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, वाटत नाही. टॅपेट जोराला फारसं विचारत नाही, आरपीएमबरोबर चालतं. पिस्टनचा ठोका असता तर खोल आणि बोदा आला असता, मडक्यावर बोट मारल्यासारखा. खिडकीतून ऐकू येणारी, जोराबरोबर वाढणारी आणि तापल्यावर गायब होणारी कोरडी टकटक बऱ्याचदा एक्झॉस्ट मेनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, निघते. जोडाला बारीक फट असते, गार असताना तिथून धूर टकटक करत सुटतो, धातू तापून फुगला की फट मिटते.

उद्या पहाटे, गार असताना, वरचं पत्र्याचं कव्हर काढा आणि जोडाला टॉर्च लावून काळी काजळी बघा. विशेषतः दोन्ही टोकांच्या सिलिंडरांपाशी. तापणं-गार होणं यात मेनिफोल्ड लांबीनं मागे-पुढे होतो आणि टोकाच्या स्टडवर, म्हणजे तो हेडला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या खिळीवर, सगळा ताण येतो.

बिनधास्त

चढावरचे, २८ अंशांना साडेपाच हजार हे वाचून मी आज ऑफिसला जाताना पहिली दहा मिनिटं तीन हजारांच्या वर गेलो नाही. कुणाला सांगू नका. पण मग स्पोर्ट गाड्यांवाले काय करतात?

श्यानता

ते तर आपल्याहून जास्त जपतात. बीएमडब्ल्यूच्या काही एम गाड्यांत आरपीएम मीटरच्या कडेनं दिव्यांची माळ असते. इंजिन गार असताना वरच्या आरपीएमचे दिवे पेटलेले, गरम होत जाईल तसे एकेक विझतात. म्हणजे लाल पट्टा सकाळी खाली असतो आणि हळूहळू वर सरकतो. फॉर्म्युला वनची इंजिनं तर गार असताना चालूच करत नाहीत. बाहेरून तापवलेलं पाणी आणि ऑइल फिरवून आधी शेकतात, मग स्टार्टर.

चढावरचा

काजळी सापडली! चौथ्या सिलिंडरपाशी, बोटभर काळा पट्टा, पंख्यासारखा पसरलेला. नटाला हात लावला तर नट स्टडसकट हातात आला, मुळाशी तुटलेला. फोटो काढून सर्व्हिसिंगवाल्याला पाठवला. उत्तर आलं, "हो, हे होतं साहेब."

काळेहात

तुटलेला स्टड हेडमध्ये आहे, हेड अॅल्युमिनियमचं. घाईघाईनं ड्रिल मारू देऊ नका. वाकडं गेलं की आटे गेले. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मोडक्या तुकड्याचं टोक बाहेर दिसत असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवणं सगळ्यांत बरं, वेल्डच्या उष्णतेनं तो सुटतोही. गॅस्केट नवीन, स्टड सगळे नवीन, एकट्याला बदलू नका.

आणि हो, तुमच्या पायाचं पाप नाही हे. निदान हे तरी नाही.

चढावरचा

शनिवारी काम आहे. दुसरी वाटही सापडली. घराच्या मागून वस्तीतून जाऊन पुढच्या चौकात हायवेला मिळते, सव्वाचार किलोमीटर जास्त, नऊ मिनिटं. तिथे पोचतो तेव्हा ऑइल ६४ असतं आणि रस्ता सपाट आहे, साडेतीन हजारांत काम भागतं. ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून दहा मिनिटं आधी उठतो.

एक गंमत राहिली. सोमवारी खाली आलो, सेल्फ मारण्याआधीच मीटर ३८ दाखवत होता. वाटलं वायर गेली. मंगळवारी ३९. बुधवारी लवकर उठून गॅलरीत उभा राहिलो. पावणेसहाला वडील अंगावर शाल घेऊन खाली उतरले, गॅरेजचं दार पूर्ण उघडलं, गाडी चालू केली आणि बाहेर खुर्ची टाकून दहा मिनिटं बसले. मग बंद करून, किल्ली होती तिथेच खुंटीला अडकवून ठेवली.

वही अजून त्यांच्याचकडे आहे.